मारिसेलची जागा

मेदान, १४ जानेवारी

होरास मामा,

काल फोन तुम्ही आपटलात, मी नाही. आईला मात्र मी सांगितलं की लाइन गेली. ती म्हणाली, "तुम्ही मामा-भाची फोनवर बोलता की बाजारात डुकराचा भाव करता?" म्हणून आता लिहिते. लिहिताना निदान मधेच कुणी ओरडत नाही.

तर पुन्हा पहिल्यापासून, शांतपणे. मला तीन ठिकाणी प्रवेश मिळालाय. लंडन, मेलबर्न आणि आपल्याच इंडोनेशियातलं बांडुंग. बाबांना मेलबर्न हवंय, कारण तिथे काका राहतात, काकूच्या हातचं गरम जेवण मिळेल आणि रविवारी आपल्या माणसांच्या चर्चमध्ये गाता येईल. मी विद्यापीठ निवडतेय की खानावळ, हेच मला कळेनासं झालंय.

मला लंडन हवंय. आणि हे माझ्या डोक्यात घातलं कुणी? तुम्ही! सिहोलदादाच्या लग्नात, हातात हाड धरून, सगळ्या पंगतीसमोर तुम्ही म्हणालात, "मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँका पोरं उचलायला मोजक्या विद्यापीठांच्या दारात जातात. बाकीच्यांचे अर्ज कुणी उघडूनसुद्धा बघत नाही." मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. बाकीच्या मुली नवरीचे दागिने बघत होत्या, मी ती नावं पाठ करत होते. हे लंडनचं विद्यापीठ त्यातलंच आहे. बँकिंग आणि वित्त हा विषय मिळालाय, अर्धी शिष्यवृत्तीही मिळालीय. अजून काय करायचं राहिलं?

बाबा म्हणतात, "मामा काय म्हणतात ते बघू." ज्यांच्या नुसत्या खोकल्यानं अख्खी शाळा चिडीचूप होते, ते आमचे मुख्याध्यापक बायकोच्या भावापुढे मात्र मान तुकवतात. आपल्या बाताक लोकांत मामाचा शब्द शेवटचा. बाताक घरात जन्मल्याचा मुलींना एवढाच काय तो फायदा, तो मला घेऊ द्या. तुम्ही बाबांना एक फोन करायचा, आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी तुमची बँक जो वर्ग घेते, त्याला माझी शिफारस करायची. बस्स.

फेब्रुवारी संपायच्या आत कळवायचं आहे. मामीला आणि योसुआला सांगा, मी विचारलंय.

तुमची भाची,
दुमा


सिंगापूर, २१ जानेवारी

दुमा,

लंडनला जाऊ नकोस.

मेलबर्नला जा. नाहीतर बांडुंगला जाऊन इंजिनियर हो, घराजवळ राहशील. लंडनची थंडी तुला सोसायची नाही, आणि तिथे तुझं इंग्रजी ऐकून लोक हसतील.

आणि स्पष्टच सांगायचं तर या कामाला जे डोकं लागतं ते तुझ्याकडे नाही. तू हुशार आहेस, पण ती हुशारी वेगळी. बँकेचं मनातून काढून टाक. शिफारस मी करणार नाही. तुझ्या बाबांना मी आज फोन करून मेलबर्न म्हणून सांगितलंय. विषय संपला.

बिनसार मामा


मेदान, २४ जानेवारी

मामा,

नेहमीचं 'होरास' लिहिणार नाही. आज तुमचं भलं चिंतण्याची माझी अजिबात इच्छा नाही.

डोकं नाही? मी आठवीत असताना बालिगेला आजोबांच्या कॉफीच्या दुकानात बसून तुम्ही मला विचारलंत, "दुमा, हे दुकान विकायचं झालं तर कितीला विकशील?" मी टेबलं मोजली नाहीत, कपबशा मोजल्या नाहीत. मी विचारलं, "आजोबा दुकानाबरोबर जाणार की इथेच राहणार? कारण लोक कॉफीला येत नाहीत, त्यांच्याशी भांडायला येतात." तुम्ही टेबलावर थाप मारून म्हणालात, "माझ्या बँकेतल्या अर्ध्या लोकांना हे सुचत नाही!" तो काय लहान मुलीला खाऊ दिलात? मी तो खाऊ पाच वर्षं चघळतेय हो!

तुमच्या फोननंतर बाबा काय म्हणाले ऐका. "बघ, तुझा मामाच म्हणतो, हिच्यात तेवढं नाही." आणि हसले. वाईट मनानं नाही, सुटल्यासारखे हसले. आई भाजी चिरत होती. ती सुरी ठेवून आत निघून गेली.

आणि आता खरी गोष्ट. मामी मागच्या महिन्यात आईला म्हणाली होती की तुमचे चिरंजीव लंडनला अर्ज करतायत. याच विषयाला, याच कामासाठी. योसुआ! ज्याला टक्केवारी काढायला कॅल्क्युलेटर लागतो आणि कॅल्क्युलेटर शोधायला आई लागते! त्याचं डोकं चालतं वाटतं? त्याला थंडी नाही वाजणार?

म्हणजे आडनाव चालवणाऱ्याला लंडन आणि बहिणीच्या मुलीला काकूच्या हातचं गरम जेवण. तसं सरळ लिहायचं होतंत. मी रडले असते, पण तुम्हाला खोटारडे तरी म्हटलं नसतं.

दुमा


सिंगापूर, २ फेब्रुवारी

दुमा,

जिभेला हाड नसतं हे तुझ्या बाबतीत मला माहीत होतं. हातालाही नाही हे आता कळलं.

योसुआचा अर्ज मी मागे घ्यायला लावला. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. मी खोलीत आलो की तो उठतो. तुझी मामी ताट माझ्यासमोर ठेवते आणि पाठ फिरवून भिंतीशी बोलते. एका घरात तीन माणसं आणि आवाज फक्त पंख्याचा. तेव्हा मुलगा-मुलगी करू नकोस. मी दोघांनाही सारखंच अडवलंय.

का अडवलं ते सांगायला मी बांधलेला नाही. मी तुझा मामा आहे एवढं पुरे असायला हवं होतं. माझ्या मामानं मला विहिरीत उडी टाक म्हटलं असतं तर मी पाणी किती खोल आहे एवढंसुद्धा विचारलं नसतं.

सध्या मी घरीच असतो. हे ताईला सांगू नकोस, ती लगेच विमान पकडून येईल. आजारी नाही. बँकेनं मला रजा घ्यायला सांगितलीय, एवढंच.

तुला लंडनला जायचंच असेल तर जा बाई. तुझं आयुष्य, तुझी फरफट. पण माझं नाव कुठे घेऊ नकोस. बँकेत तर नाहीच नाही. हे मी रागानं लिहीत नाही. खरं म्हणजे रागानंच लिहितोय, पण तू ते ऐक.

बिनसार मामा


मेदान, ९ मार्च

मामा,

तुम्ही महिनाभर फोन उचलला नाहीत, तेव्हा जे झालं ते कागदावर ऐका.

एक. लंडनला होकार कळवला. बाबा अडून बसले होते. रविवारी जेवताना त्यांनी मेलबर्नच्या काकांच्या घरातल्या पाहुण्यांच्या खोलीचं पुन्हा वर्णन सुरू केलं. आई उठली आणि म्हणाली, "ती खोली एवढी चांगली असेल तर तुम्ही जाऊन राहा. माझी मुलगी लंडनला जाईल. माझ्या भावाला विचारून मी नवरा केला, आता त्याला विचारून मुलगी पाठवणार नाही." बाबांचा घास हातातच राहिला. तुमच्या ताईनं आयुष्यात पहिल्यांदा तुमचा शब्द मोडला, आणि नंतर घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

दोन. तुम्ही मला अडवलंत म्हणून मी दुसरा रस्ता शोधला. तुमचे साहेब, ते केल्विन फूंग, सिहोलदादाच्या लग्नाला आले होते ना? आपलं डुकराचं साकसांग तीनदा मागून घेतलं होतं आणि मला कार्ड देऊन म्हणाले होते, "मोठी झालीस की लिही." मी लिहिलं. हो, मी बिनसारची भाची असंही लिहिलं. तुम्ही नको म्हणालात म्हणूनच लिहिलं.

आणि मामा, त्यांचा दुसऱ्या दिवशी फोन आला! स्वतःचा! अर्धा तास बोलले. आजोबांच्या दुकानाची गोष्ट मी सांगितली, ते खूप हसले. डोकं नसलेल्या मुलीला त्यांनी जूनपासून दोन महिने सिंगापूरला बोलावलंय. पगारी. राहायची सोय बँकेची. तुमच्याच गटात एक जागा रिकामी झालीय म्हणाले. लंडनला जायच्या आधीच मी आत!

शेवटी म्हणाले, "मामाला सांग, आम्ही त्याच्या घरच्यांना आपलं मानतो. पुढच्या महिन्यात कोर्टात उभा राहील तेव्हा त्यानंही आपल्या घरच्यांची आठवण ठेवावी." मी म्हटलं, सांगते. कसलं कोर्ट? तुमच्यावर काही बालंट आलंय का? म्हणून घरी बसलाय का? काही चुकीचं केलं असेल तर आईला मी सांभाळून घेईन, पण माझ्यावर जळू नका.

दुमा


सिंगापूर, १२ मार्च

दुमा,

तू काय करून बसलीस हे तुला कळलंय का?

शाळा संपवून आलेल्या मुलीला कुठलीही बँक असं बोलावत नाही. कॉलेजात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेली हजारो पोरं त्या दोन महिन्यांसाठी जीव टाकतात. चाचण्या देतात, पाच-पाच मुलाखती देतात, आणि रडत परत जातात. आणि तुझ्यासाठी केल्विन फूंग स्वतः फोन उचलतो, अर्धा तास हसतो! तो माझ्यासमोर बारा वर्षांत अर्धा तास हसलेला नाही.

जागा रिकामी झालीय म्हणाला ना? कशी झाली, विचारलंस?

ती मारिसेलची जागा आहे. मारिसेल काबाहुग. फिलिपाइन्समधल्या सेबूची, तेवीस वर्षांची. तू जिथे निघालीस त्याच विद्यापीठातून आलेली. त्यांच्या आवारात जाऊन मीच तिला निवडलं होतं. काम करताना ती गुणगुणायची. आमच्या रांगेतले सगळे तिला गप्प करायचे. आई तिची शाळेत गाणं शिकवते.

नोव्हेंबरात पाम तेलाच्या दोन कंपन्या एकत्र व्हायच्या होत्या. तो व्यवहार आमच्याकडे. वर्ष संपायच्या आत उरकायचा होता. मारिसेल कितीतरी आठवडे घरी फक्त आंघोळीला जात होती. पेन धरताना हात थरथरायचा. मी तिला घरी जा म्हणालो. ती "हो सर" म्हणाली आणि बसून राहिली. पुन्हा म्हणालो, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी म्हणालो नाही. मला आकडे हवे होते.

भर दुपारी, गिऱ्हाइकांसमोर, पडद्यावरचं पान बदलायला ती उठली आणि पडली. वायरीत पाय अडकला असं सगळ्यांना वाटलं. एक जण हसलासुद्धा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इस्पितळात तिनं प्राण सोडला. हृदय बंद पडलं.

बँकेनं फुलं पाठवली. मग मला वरच्या मजल्यावर बोलावलं. कोर्टात तिच्या मृत्यूची चौकशी आहे, तिचा वरिष्ठ म्हणून मला साक्ष द्यायची आहे. ती वेळेवर घरी जात असे, आणि तिला जुना हृदयविकार होता असं तिनंच मला सांगितलं होतं, हे मी सांगायचं. तिनं मला असं काही सांगितलं नव्हतं. मी हो म्हणालो नाही. नाही म्हणायचीही हिंमत झाली नाही. तेव्हा म्हणाले, घरी बसा, विचार करा. मी विचार करत बसलो आणि ते माझी दुखरी नस शोधत बसले. ती तू त्यांच्या हातात नेऊन दिलीस. तुला गळाला लावून पाण्यात सोडलंय, मूर्ख मुली, आणि मासा मी आहे.

तुला आणि योसुआला मी का अडवलं ते आता कळलं असेल. मला तुम्ही दोघं त्याच रांगेत बसलेले दिसत होतात.

आता तूच सांग. खरं बोललो तर तुझं जूनचं गेलं, माझी नोकरी गेली, आणि या शहरातली कुठलीही बँक आपलं नाव ऐकून दार लावून घेईल. खोटं बोललो तर तुझं सगळं सोन्यासारखं होईल. सांग, काय बोलू?

बिनसार मामा


मेदान, १५ मार्च

मामा,

तुमचं पत्र वाचून मी मागच्या अंगणात जाऊन बसले. आई दोनदा हाक मारून गेली.  आता ऐका.

एक मुलगी मेली हे सांगण्यापेक्षा तुमची भाची ढ आहे हे सांगणं तुम्हाला सोपं वाटलं! मी दोन महिने आरशात बघून स्वतःला विचारत होते, माझं कुठे कमी पडतं? बाबांचं ते हसू मी गिळलं. योसुआ बिचारा त्याच्या खोलीत दार लावून बसला असेल, तोही हेच विचारत असेल. आम्हाला वाचवायला निघालात आणि आधी आमचेच पाय तोडलेत. जानेवारीत मारिसेलचं सांगितलं असतंत तर मी फूंगला लिहिलं असतं का? तो गळ तुम्हीच टाकलात, मामा. फूंगनं फक्त दोरी ओढली.

आणि वर म्हणता, तूच सांग काय बोलू! मी अठरा वर्षांची आहे. तुम्हाला पन्नाशी आली. नोकरी राखायची असेल तर तसं म्हणा, पण भाचीसाठी खोटं बोललो असं पुढे कुणाला सांगू नका. मी तुमच्या खोट्याचं निमित्त होणार नाही.

फूंगसाहेबांना आज उत्तर पाठवलं. एवढंच लिहिलं: "तुम्ही म्हणालात ती जागा रिकामी नाही. तिथे मारिसेल काबाहुग बसते. मी येणार नाही." त्यांचा अजून फोन आलेला नाही. आता हसत नसतील.

पण लंडन मी सोडणार नाही, हे नीट ऐका. तुम्हाला वाटत असेल, आता घाबरेल, काकूकडे जाईल. मी घाबरलेय. तरीही मला ते काम आवडतं. कोण काय विकतंय, का विकतंय, खरं काय लपवतंय, हे शोधायला मला आवडतं. त्यात हावही आहे, असू दे. मुलांना हाव असली की त्याला महत्त्वाकांक्षा म्हणतात.

आणि शेवटचं. तुम्ही कोर्टात खोटं बोललात तर माझ्या निरोपाच्या दिवशी आमच्या घरी येऊ नका. मामानं मासा वाढून आशीर्वाद दिल्याशिवाय आपल्यात मुलगी घराबाहेर पडत नाही ना? मी पडेन. उपाशी पडेन. आईला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

दुमा


सिंगापूर, २८ एप्रिल

दुमा,

झालं. सांगितलं.

बँकेच्या वकिलानं मला आधी पाणी दिलं, मग गोड आवाजात विचारलं, "मिस काबाहुग साधारण वेळेवर घरी जात असत, बरोबर?" मी म्हणालो, "नाही." त्यानं ऐकू आलं नाही असं दाखवलं. मी मोठ्यानं सांगितलं. आपला आवाज कसा आहे तुला माहीत आहे. मागे झोपलेला शिपाई जागा झाला. मग मी सगळंच सांगितलं. घरी न जाणं, थरथरणारा हात, मला वरच्या मजल्यावर बोलावून काय बोलायचं ते पढवलं गेलं, हेही. आणि तिसऱ्यांदा मी तिला जा म्हटलं नाही, हेही.

मला वाटलं होतं, खरं बोललं की छातीवरचा दगड उतरेल. म्हणून तुला हे लिहितोय, कारण तो उतरला नाही.

मेलेल्या माणसाच्या घरच्यांना तिथे प्रश्न विचारता येतात. मारिसेलची आई उठली. लहानशी बाई, केस घट्ट बांधलेले. शेजारी दुभाषी. ती ओरडेल, शिव्या देईल, म्हणून मी मनाची तयारी केली होती. तिनं विचारलं, "त्या दिवशी ती जेवली होती का?"

मी म्हणालो, "मला माहीत नाही."

"सकाळी काही खाल्लं होतं?"

"माहीत नाही."

"ती तुमच्या शेजारीच बसायची ना?"

"हो. दीड वर्ष."

"मग तुम्हाला तिच्याबद्दल काय माहीत आहे?"

मी म्हणालो, "ती गुणगुणायची."

"कुठलं गाणं?"

दुमा, मला तेही सांगता आलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बसली. आभार मानले नाहीत. मानायला नकोच होते.

दुपारी बँकेतून निरोप आला. माझं सामान आणायला गेलो तेव्हा पहारेकरी शेजारी उभा होता, मी टेबल चोरून नेईन की काय अशा थाटात. बारा वर्षं रोज मला सलाम करणारा माणूस. फूंग काचेच्या पलीकडे होता. त्यानं पाठ फिरवली. मी काचेवर थाप मारून म्हणालो, "साकसांग तरी पचलं का?" कळलं असेल नसेल, मला बरं वाटलं.

घरी आलो. तुझी मामी जेवायला वाढून समोर बसली. पहिल्यांदाच पाठ न फिरवता. योसुआनं मारिसेलबद्दल विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही मला हे आधी का नाही सांगितलं?" तुम्ही दोघं मिळून पत्रं लिहिता की काय?

चौकशीचा निकाल यायचा आहे. बँकेच्या केसालाही धक्का लागणार नाही, असं सगळे म्हणतात.

आता लंडनचं. जा. डोकं नाही म्हणालो ते खोटं होतं, हे मी लिहून देतो, तुझ्या बाबांना दाखव. पण मामा म्हणून एक ऐक. तुझा बँकिंग आणि वित्त हा अभ्यासक्रम म्हणजे बँकेच्या दारातली रांग. दार उघडलं तर ठीक, नाहीतर त्या शिक्षणाचं दुसरीकडे काही होत नाही. मारिसेल तेच शिकली होती. उठून जावं तर जायचं कुठे, हे तिला कळत नव्हतं. तिच्याहून दुप्पट वयाचा मी, मलाही कळत नव्हतं. त्याच विद्यापीठात गणिताचा विभाग आहे. बदल मागून बघ. बँका गणितवाल्यांनाही घेतात, आणि गणितवाल्यांना खुर्ची सोडता येते.

माशाचं काय ते तू ठरव. बोलावलंस तर येईन.

बिनसार मामा


लंडन, ११ ऑक्टोबर

होरास मामा,

जानेवारीच्या त्या पत्रात तुम्ही एकच गोष्ट खरी लिहिली होती. इथली थंडी. अजून ऑक्टोबर आहे आणि मी दोन मोजे घालून झोपते. इंग्रजीला मात्र कुणी हसत नाही, कारण वर्गात निम्म्यांचं माझ्याहून वाईट आहे.

गणिताकडे बदलून मिळालं हे आईनं सांगितलं असेल. भयंकर अवघड आहे. पहिल्या आठवड्यात मी तुम्हाला रोज मनात शिव्या दिल्या. शेजारच्या इमारतीत बँकिंगवाली मुलं पहिल्या दिवसापासून कोट घालून फिरतात. मी सुरकुतलेल्या स्वेटरमध्ये फळ्याकडे बघत बसते. तरी एखादं उदाहरण सुटलं की ते माझं असतं. ते कुणी परत मागू शकत नाही.

ऑगस्टमध्ये तुम्ही मासा वाढलात तेव्हा मी तुमच्याशी धड बोलले नाही. सगळ्यांना वाटलं, जायचं म्हणून हळवी झालेय. तसं नव्हतं. मला अजून राग होता. आजही थोडा आहे. तुम्ही खरं बोललात म्हणून तो सगळा जाईल असं मला वाटलं होतं, तुमच्या त्या दगडासारखं. नाही गेला. ठीक आहे, एकमेकांवर रागावलेली माणसंही आपल्यात पंगतीला शेजारी बसतात.

काल काय झालं ते सांगायला लिहितेय. तुमची बँक आली होती. आमच्या मोठ्या सभागृहात. फुकट पिशव्या, फुकट बाटल्या, छोटे छोटे सँडविच. बसायला जागा नव्हती, मुलं पायऱ्यांवर बसली होती. फूंग नव्हता. एक तरुण माणूस बोलत होता, फार छान बोलत होता. आमच्याकडे सगळे कसे घरच्यासारखे राहतात, एकमेकांची काळजी कशी घेतात. चौकशीचा निकाल आल्यापासून, कुणाचाच दोष नाही असा निकाल आल्यापासून, 'घरचे' हा शब्द ऐकला की माझे कान तापतात.

शेवटी तो म्हणाला, "कुणाला काही विचारायचंय?" मी हात वर केला.  मी म्हणाले, "तुमच्या सिंगापूरच्या कचेरीत मारिसेल काबाहुग काम करत होती. ती याच सभागृहात बसून तुमच्याकडे आली होती. ती कामावर पडली आणि मेली. तिच्यानंतर तुम्ही काय बदललंत?"

पुढच्या रांगांतली मुलं वळून माझ्याकडे बघायला लागली. तो म्हणाला, "कर्मचाऱ्यांची प्रकृती आमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. पुढचा प्रश्न?" मी बसले नाही. मी म्हणाले, "मी प्रकृती नाही विचारली. बदललं काय ते विचारलं." मेदानच्या बाजारात बोलतात त्या आवाजात. तो म्हणाला, "त्या एका व्यक्तीबद्दल बोलणं योग्य होणार नाही." कोणीतरी मागून "बस ना" म्हणालं. दुसऱ्या मुलानं पगाराबद्दल विचारलं आणि सगळे हसले, सुटले.

सभा संपल्यावर निम्म्याहून जास्त मुलं त्याच्याभोवतीच गोळा झाली. मला त्यांचा राग आला, मग कळलं की वर्षापूर्वी मीही तिथेच असते, सगळ्यांच्या पुढे. दारात मात्र एक मुलगी थांबली होती, मनिलाची. तिनं मारिसेलचं आडनाव मला पुन्हा सांगायला लावलं आणि म्हणाली, "मी यांच्याकडे उद्या अर्ज करणार होते."  

तेवढ्यात तो छान बोलणारा माणूस हातात वही घेऊन बाहेर आला. आता तेवढा छान बोलत नव्हता. म्हणाला, "तुझं नाव काय?"

मला माहीत होतं तो कशासाठी विचारतोय. पुढे कधी मी अर्ज केला तर बाजूला काढायला. ती मनिलाची मुलगी माझी बाही ओढत होती, सांगू नको म्हणून. मी सांगितलं. दुमा नाइंगोलान. त्याला आडनाव लिहिता येईना, तर एकेक अक्षर सावकाश सांगितलं.

त्यानं ते लिहून घेतलं. घेऊ दे.

तुमची भाची,
दुमा